धुक्यातली हजेरी

गोव्यातल्या त्या मॅनेजरला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या. मनातल्या मनात, बायकोसमोर, गुडघ्याला तेल चोळताना. मॅच अर्धी संपायच्या आतच माझा उजवा गुडघा सुजला होता, मी उघड लंगडत होतो आणि तो लाईनवर उभा राहून मनगटावरचं घड्याळ बघत होता. आम्ही एका गोलने पुढे होतो, म्हणून त्याने मला बाहेर काढलं नाही. शेवटच्या मिनिटांत गुडघ्यातून आवाज आला आणि पगारी फुटबॉलपटू म्हणून माझी सात वर्षांची कारकीर्द तिथेच संपली. दवाखान्यात भेटायला आला तेव्हा म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही रे." त्या दुपारी लख्ख ऊन होतं.

मग मी कुसगावला घरी परतलो. काही वर्षं नुसती कुरकुर केली आणि शेवटी लोणावळ्याच्या एका टीमचा मॅनेजर झालो. मॅनेजर हा शब्द ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात टेम्पो ठरवायचा, खेळाडूंच्या ड्युट्या बदलून घ्यायला सुपरवायझरच्या विनवण्या करायच्या आणि पावसाळ्यात जर्सी वाळवायच्या. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कापड वाळत नाही, त्यामुळे ज्या हॉटेलवाल्या शेठने टीम चालवायला घेतली होती, त्याच्या बॉयलरच्या खोलीत मी दोऱ्या बांधल्या होत्या. तिथे अकरा जर्सींखाली बसून मी डावपेच आखायचो.

टीमचा कॅप्टन परंदवडीचा. जर्सी नंबर पाच, मधला बचावपटू, वय बत्तीस, आंबीच्या एका कारखान्यात कामाला. फार बोलायचा नाही. मला भाऊ म्हणायचा आणि मी ओरडलो की मान खाली घालून हसायचा. मी ओरडायचो पुष्कळ. माझा स्वभावच तसा आहे, लोकांनी तो चालवून घेतला इतकंच.

आमच्या मैदानावर धुकं कधी दरीतून वर येईल याचा नेम नसतो. पाच मिनिटांत पलीकडची लाईन गायब होते. त्यावर मी एक पद्धत बसवली होती. मी लाईनवरून नंबर पुकारायचा आणि त्या खेळाडूने असेल तिथून "हितं" म्हणायचं. आवाजावरून मला कळायचं कोण कुठे आहे, त्यांनाही एकमेकांचा पत्ता लागायचा. पोरं त्याला हजेरी म्हणत. बाहेरच्या टीम आधी खिदळायच्या, गोल खाल्ल्यावर गप्प व्हायच्या.

सीझनची शेवटची मॅच होती. नुसती बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात टिकणार होतो, हरलो तर खाली. शेठने स्पष्ट सांगितलं होतं, खाली गेलात तर टीम बंद. टीम बंद म्हणजे मीही घरी. गुडघा गेल्यावर काय उरतं ते मी एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात धुकं आलं. पंचाने खेळ थांबवला, मध्यभागी उभं राहून दोन्हीकडचे गोलपोस्ट पुसट दिसतात का ते पाहिलं आणि दिसतात म्हणून पुन्हा शिट्टी फुंकली. माझ्या मते त्याला काहीही दिसत नव्हतं. पण परत घाट चढून यायची त्याची इच्छा नव्हती, समोरच्या टीमची तर मुळीच नव्हती.

वीस मिनिटं उरली होती. मी हजेरी सुरू केली. दोन, हितं. तीन, हितं. चार, हितं. पाच.

"हितं."

मिनिटाभराने पुन्हा घेतली. सगळे आवाज सरकले होते, पाचचा मात्र तिथूनच आला. तिसऱ्या वेळी बॉल डाव्या कोपऱ्यात गेला होता, सगळी टीम तिकडे धावल्याचं पायांच्या आवाजावरून कळत होतं आणि पाचचं "हितं" त्याच जागेवरून आलं. दात आवळून म्हटल्यासारखं. तो पळत नव्हता. त्याला पळता येत नव्हतं.

गुरुवारी प्रॅक्टिसला त्याच्या गुडघ्यावर पट्टी होती. मी विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई भाऊ, डास चावला." मी हसून सोडून दिलं होतं.

बाकावर एकच बचावपटू उरला होता. सकाळची पाळी करून थेट आलेला, हेडिंगला कच्चा. मी त्याला हाक मारली. त्याने रेनकोट काढला, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी पंचाला इशारा करायला हात उचलला. तेवढ्यात आमच्या गोलसमोर गलका झाला, कोणीतरी बॉल बाहेर मारला, बहुधा पाचनेच. एका जागी उभा राहूनही तो बॉल अडवत होता.

"थांब जरा," मी त्या बदली खेळाडूला म्हणालो. "दहाच मिनिटं."

मी घड्याळ बघत राहिलो. हजेरी घेत राहिलो. दोन. तीन. चार. सहा. घसा फुटेस्तोवर ओरडलो.

आम्ही जिंकलो. बदली खेळाडू तसाच माझ्याशेजारी भिजत उभा होता. शिट्टी झाल्यावर पोरं नाचत धुक्यातून बाहेर आली आणि त्यांच्यामागून दोघांनी कॅप्टनला उचलून आणलं. गुडघा नारळाएवढा झाला होता. सगळे माझ्याकडे बघू लागले.

तोच म्हणाला, "भाऊंना कसं दिसनार? धुकंच लय हुतं."

"व्हय रे," मी म्हणालो. "दिसलंच नाही मला."

डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण खेळणार नाही. कारखान्याने त्याला बसून करायचं काम दिलं. पाचव्या दिवशी मी परंदवडीला गेलो. तो घराच्या ओट्यावर पाय खुर्चीवर टाकून बसला होता. त्याच्या आईने मला बसायला सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेली. मी रस्ताभर पाठ केलेलं एका दमात बोलून टाकलं. दिसलं नव्हतं हे खरं, पण ऐकू येत होतं. तिसऱ्या हजेरीलाच मला कळलं होतं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"त्यानंतर तुमी पाच नंबर पुकारलाच न्हाई. मी लय वाट बघितली. तुमी हाक मारली असती तर बाहेर घ्या म्हनलो असतो."

मला हे खरंच ठाऊक नव्हतं. मी मनाशी ती हजेरी पुन्हा घेऊन पाहिली. दोन, तीन, चार, सहा. पाच कुठेच नव्हता.

"मग धुक्याचं कशाला बोललास?" मी विचारलं.

"पोरं ऐकत हुती, भाऊ. तुमाला अजून टीम चालवायची हाय."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्याची आई चहा घेऊन बाहेर आली, "घ्या, गार हुईल," म्हणाली. मला कप उचलवेना.