मिटवलेलं प्रकरण

आमच्या अवसरी बुद्रुकला कुठलंही भांडण पोलिसांत जायच्या आधी देवळाच्या सभामंडपात येतं. बांधाचं असो, सुनेचं असो, कुत्रं चावल्याचं असो. दोन्हीकडची माणसं बसतात, चार जाणती माणसं बोलतात, चहा होतो आणि प्रकरण मिटतं. माझ्या लेकीचं प्रकरणही असंच मिटलं, आणि मिटवलं म्हणूनच चिघळलं.

लेक नववीत आहे. बोलताना अडखळते, अगदी लहानपणापासून. सव्वीस जानेवारीला ती हट्टानं शाळेत भाषणाला उभी राहिली आणि ‘प्रजासत्ताक’ म्हणताना पहिल्याच अक्षरावर अडकली. वर्गातल्या तीन पोरांनी तेवढाच तुकडा मोबाइलवर घेतला, त्यामागं शेळीचं ओरडणं लावलं आणि तिचाच फोटो लावून एक खातं उघडलं. मग रोज नवा व्हिडिओ, रोज खाली नवी टिंगल.

मला हे कळलं जावेकडून. धार काढून येत होते, तर ओट्यावरून ती म्हणाली, “तुमची पोरगी लई फेमस झाली की.” आणि मोबाइल पुढे केला. लेक का शाळेत जात नव्हती, का रोज पोट दुखतंय म्हणत होती, ते मला तिथंच, हातात दुधाची बादली धरून समजलं. जाव हसत होती. मी बादली खाली ठेवली नाही, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

नवरा चाकणला कंपनीत आहे, तिकडंच खोली करून राहतो, रविवारी येतो. फोनवर म्हणाला, “जाणत्यांच्या कानावर घाल.” घातलं.

बैठकीत मी खांबाला टेकून बसले. पहिलाच प्रश्न आला, “पोरीला मोबाइल दिलाच कशाला?” चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, “व्हिडिओ तिनं न्हाई काढला, काका.” मग पोरांना उभं केलं. “समद्यांच्या देखत काढून टाका ते,” असं सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं सांगितलं. पोरांनी खातं पुसलं, मोबाइल सगळ्यांना फिरवून दाखवला आणि माझ्या पाया पडली. माझ्या. लेक घरी होती, कारण पोरीबाळींना बैठकीला बोलवायची पद्धत नाही. चहा आला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पंधरवडाही गेला नसेल, नवं खातं आलं. या वेळी कुलूपबंद, ज्यांना आत घेतलं त्यांनाच दिसणारं. लेकीला मात्र मुद्दाम आत घेतलं होतं. पहिल्याच व्हिडिओखाली लिहिलं होतं, “पाया पडलो, आता काय करशील?”

या वेळी मी कोणाला विचारलं नाही. एसटी धरली आणि मंचरला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या एका पोलीस बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्या खात्याची लिंक मागितली, फोटो मागितले. माझ्याकडं काहीच नव्हतं. “म्हंजी पुरावा सगळ्यांच्या हातात व्हता, आन्‌ तुमी सगळ्यांनी मिळून पुसला?” त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. वरातीमागून घोडं घेऊन आलेल्या बाईसारखी मी बाकावर बसून राहिले.

त्यांनीच मग समजावलं. आता गावात कोणाला बोलू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, खात्याचं नाव, लिंक, तारीख दिसली पाहिजे, खाली कोण काय बोललं तेही आलं पाहिजे. ते झाल्यावर ॲपमध्ये रिपोर्ट करा. सायबरच्या सरकारी वेबसाइटवरही तक्रार टाकता येते. आणि कोणी पुसून देतो म्हणालं तरी पुसू देऊ नका.

सांगायला सोपं होतं. खातं फक्त लेकीच्याच मोबाइलवर उघडत होतं, म्हणजे जे बघून ती अंथरुणातून उठत नव्हती तेच तिला पुन्हा सगळं उघडावं लागणार होतं. आम्ही दोघी उंबऱ्यात बसलो. ती एकेक काढत गेली, मी वाचत गेले. एका हसणाऱ्या तोंडांच्या रांगेपाशी तिचं बोट थांबलं. ती रांग जावेच्या लेकीनं टाकली होती. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या.

“हा पण काढू?” तिनं विचारलं.

“काढ,” मी म्हटलं. त्या एका शब्दानं घराच्या मधल्या भिंतीपलीकडचं माणूस तुटणार, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गेले. पोलीस बाईंनी मला नाही, तिला विचारलं. ती अडकली. सवयीनं मी तिचा शब्द पुरा करायला गेले, तर बाईंनी हात वर करून मला गप्प केलं. बराच वेळ लागला, पण ती सगळं स्वतः बोलली. पोरांना आईबापांसकट बोलावणं गेलं. थोड्या दिवसांत खातंही बंद झालं.

आणि गावही बंद झालं. मिटलेलं उकरलं म्हणाले, बैठकीचा मान घालवला म्हणाले. नवरा रविवारी जेवता जेवता म्हणाला, “गावात ऱ्हायचंय का न्हाई आपल्याला?” मी भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली आणि हात धुवायला उठला.

कांदा काढायला आम्हा बायांची सावड असते. आज तुझ्या रानात सगळ्या, उद्या माझ्या. यंदा मी सगळ्यांच्या रानात जाऊन आले होते. माझी पाळी आली तेव्हा बांधावर कोणी आलं नाही. जावसुद्धा नाही. इतकं एकटं मला सासरी पहिल्यांदा आले तेव्हाही वाटलं नव्हतं. लेक आणि मी, दोघीच वाफ्यात बसलो.

“मा… माझ्यामुळं ना?” लेकीनं विचारलं.

“त्यांच्यामुळं,” मी म्हटलं. “आन्‌ पात धरून वढू नको, तुटतीय.”

कांदा निघायला आठवडा लागला. तो संपल्यावर सोमवारी तिनं आपणहून शाळेचा ड्रेस घातला. मी डबा भरून दिला. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी आली, दप्तर टेकवलं. “मधल्या सुट्टीत शेजारी कोणी बसलं न्हाई,” ती म्हणाली. थांबली. पुढच्या शब्दावर अडकली, आणि मी वाट बघितली. “पण डबा मी सगळा खाल्ला.”

मी तो रिकामा डबा घासायला मोरीत नेला आणि तिथं मला रडू आलं.