मधुवंतीबाईंचा ताण

अमझेऱ्याच्या मधुवंतीबाई पवार तशा गरीब स्वभावाच्या, पण त्यांच्या लिंबूबागेतलं एक झाड तोडायचं नाव काढलं की अंगावर धावून येत. नवरा गेल्यावर बाग त्यांनीच राखली, विहीर पुरेना म्हणून ठिबकही त्यांनीच बसवलं. धाकटे दीर जगदेवराव तेव्हापासून नाक मुरडून होते.

बहर धरायचा, म्हणजे झाडं एकदम फुलवायची, तर आधी पाणी तोडून झाडांना तहानलेलं ठेवावं लागतं. त्यालाच ताण देणं म्हणतात. हिवाळ्यात आईच्या आजारपणासाठी देवासला निघताना बाईंनी बाग बघणाऱ्या मोनूला बजावलं, "भिया, अब ताण दे देना."

महिन्याभरानं परतल्या, तर जगदेवराव कुऱ्हाडवाले घेऊन हजर! निम्म्या झाडांची पानं गळालेली, खोडांवर तोडण्यासाठी चुन्याच्या फुल्या आणि झाडांच्या मधे गवत मात्र हिरवंगार.

"वहिनी, तुमचं ठिबक गवताला पाणी पाजतंय. बाग काढू, सोयाबीन पेरू."

"हात तर लावून बघा!" बाईंनी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत आहेत ही. होळीपर्यंत फुलली नाहीत, तर मीच कुऱ्हाड आणून देईन."

कुऱ्हाडवाले गेले. बाई ठिबकच्या नळीच्या कडेनं चालत निघाल्या. पहिल्या झाडापाशी पाणी ठिबकवणारा ड्रिपर वीतभर सरकलेला, ओळीच्या टोकाला पार दोन हात, आणि तिथं नळी ताणून खुंटीला बांधलेली. मोनू छाती फुगवून म्हणाला, "काकीजी, आपने ही बोला था न, तान देना! नलियाँ ऐसी तानी हैं, एक भी टेढ़ी नहीं. और पानी रोज चलाया."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि मग पोट धरून हसल्या. बोलताना चूक त्यांचीच झाली होती: हिंदी बोलताना मराठी 'ताण' घातला, आणि मोनूनं 'तानना' समजून नळ्याच ताणल्या.

थंडीत नळी आखडते, म्हणून ती सैलच हवी. दोघांनी सगळ्या खुंट्या उपटल्या, नळ्या नागमोडी टाकल्या. ड्रिपर खोडाशी न ठेवता दुपारच्या सावलीच्या कडेला बसवले, कारण पाणी पिणारी मुळं तिथंच असतात. जगदेवराव कुंपणावरून ओरडले, "हे काय वाकडंतिकडं? लोक हसतील!"

"हसू देत. लोकांना विचारून पाणी देऊ का?"

होळीला फुलांचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला. मोटरीजवळची, रोज पाणी प्यालेली झाडं बेताची फुलली होती. नकळत ताण मिळालेली, तहानलेली मात्र फुलांनी पांढरीशुभ्र झाली होती, आणि फुल्या नेमक्या त्यांच्याच खोडांवर. जगदेवराव गुपचूप फुल्या पुसायला ओलं फडकं घेऊन आले.

"राहू द्या, भावजी," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांना दाखवायच्या आहेत."