रोशनी थांबली नाही

रोशनीचं पहिलं बाळ जीपमध्येच गेलं. पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावर तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा सासू भागीबाई म्हणाली, "दत्तूला येऊ दे, मग बघू." दत्तू, रोशनीचा नवरा, द्राक्षबागेत मजुरीला गेलेला. तो येईस्तोवर दिवस कलला, आणि जीप तालुक्याला पोचलीच नाही.

दुसऱ्या खेपेला तिच्या पायांना सूज आली. बोट दाबलं की खड्डा तसाच राही. गावची आशाताई म्हणाली, "सरकारी दवाखान्याजवळ माहेरघर हाय. बाळंतपणाआधीच जाऊन राहा."

"तिथं पोट फाडतात," भागीबाई म्हणाली. "माझी चारही पोरं घरातच झाली."

चारांतली दोनच जगली होती. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

रोशनीनं दत्तूला फोन लावला. "मी येईस्तोवर थांब," तो म्हणाला. तिनं पिशवी भरली.

"आई, मी जाते."

"गेलीस तर परत येऊ नको."

जीपच्या प्रत्येक गचक्याला ती पोट धरून बसे. घरही गेलं आणि बाळही गेलं, तर?

माहेरघरात चार दिवस बरे गेले. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दवाखान्यातल्या नर्सनं बीपी पाहिलं आणि घाईनं डॉक्टरांना बोलावलं.

"नाशिकला न्यावं लागेल. कदाचित ऑपरेशन. घरचं कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

दत्तूचा फोन लागेना. नर्स पुन्हा लावू लागली.

"त्याची वाट नका बघू," रोशनी म्हणाली. "मी सांगते ना. मला न्या."

अँब्युलन्स घाटात असताना तिला जाणवलं, पोटात काही हलत नाही. "ताई, बाळ हलत नाय," ती म्हणाली. सोबतच्या नर्सनं तिचा हात घट्ट धरला.

नाशिकला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. एवढीशी, पण जिवंत. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दत्तू आला. खाटेपाशी उभा राहिला.

"आई खाली बसलीय," तो म्हणाला. "वर यायला भिते."

"आण तिला. पोरगी बघू दे."

तो गेला. रोशनीनं उठून बसायचा प्रयत्न केला, तसे टाके ओढले. भागीबाई घरी नेईल की नाही, कोण जाणे. जिन्यावर पावलं वाजली, आणि ती खाटेचा कठडा धरून उठून बसली.