कॅप्टन रत्ना बोलायला उभी राहिली

रत्नाला त्या दिवशी साडी-नारळ नको होता, माइक हवा होता. कारगिलला चार वर्षं झाली म्हणून मंचरला माजी सैनिकांचा मेळावा भरला होता, आणि ज्याने त्याने आपली लढाई सांगायची होती.

तिचा बाप कुंडलिक पासष्टची लढाई लढून आला, पण बौद्धवाड्यातल्या माणसाला पारावर बस कोण म्हणणार? तिथे गेणभाऊ हवालदारांची लढाई वर्षानुवर्षं रंगायची. कुंडलिकाने आपली लढाई चुलीपुढे लेकीला सांगितली आणि तशीच सोबत घेऊन गेला. रत्नाला ते फार लागलं होतं. आपली लढाई अशी जाऊ द्यायची नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

गेणभाऊच मेळाव्याचे म्होरके. तिला बघताच म्हणाले, “रत्ने, बायांची रांग तिकडं. सैनिकांच्या बायकांना साडी-नारळ हाय.”

“माझा नवरा एसटीत कंडक्टर हाय, भाऊ. लढाईला मी गेले व्हते.”

“अगं, तू दवाखान्यात नर्स व्हतीस. बंदूक कुठं धरलीस?”

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. पण बाई मोठी खमकी! गेणभाऊ स्टेजवर जाऊन खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच ती माइकपाशी पोचली.

तिथली रीत अशी, की बोलणाऱ्याने आधी सावधान उभं राहून नंबर, हुद्दा आणि नाव पुकारायचं. रत्नाने टाचा जुळवल्या, नंबर सांगितला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “कॅप्टन रत्ना कुंडलिक भालेराव!”

लष्करातली नर्स अधिकारी असते, हे गेणभाऊंच्या डोक्याला आठवायच्या आत पायांना आठवलं. म्हातारा ताडकन उठला आणि त्याने कडक सलाम ठोकला.

मग तिने सांगितलं. हेलिकॉप्टरमधून जखमी यायचे, त्यात एक बेल्ह्याचा जवान. मांडीतलं रक्त थांबेना, डोळा लागला असता तर गडी हातचा गेला असता. तिने जखम दोन्ही हातांनी दाबून धरली आणि बेल्ह्याच्या बाजारात बैल कसा पारखायचा, ते त्याला विचारत राहिली. दात, खूर, वशिंड, चाल. डॉक्टर येईपर्यंत तो बोलत राहिला, आणि वाचला. त्या हातांनी बंदूक धरली नव्हती म्हणून काय झालं? धन्य ती बाई!

ती अर्धा तास बोलली. गेणभाऊंना बसा म्हणायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही, की राहूनही ती म्हणाली नाही, कोण जाणे. कॅप्टनने सांगितल्याशिवाय हवालदार बसत नाही. गेणभाऊ अर्धा तास उभे होते.