आप्पांच्या लाल पोटरीचं खरं कारण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या मांडवगण फराट्याचे नाही आणि तुमची मुलं माझ्या वर्गात नाहीत.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवते. गावठी उपायांची मला भारी चीड. भाजल्यावर कुणी टूथपेस्ट लावली, तर मी त्याला भर रस्त्यात उभं करून व्याख्यान देते. माझे सासरे, आप्पा, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाट आणि खुर्ची एवढ्यातच होते, पण त्यांचीही सुटका नव्हती. उशाखालची रुईची पानं मी किती वेळा जप्त केली असतील!

तर एका सकाळी आप्पांची पोटरी लालभडक. हात लावला तर गरम. डॉक्टर घरी आले. म्हणाले, दिवसभर पाय खाली सोडून बसलं की सूज येते, कातडी लाल होते. जंतुसंसर्गही असेल. किंवा शिरेत रक्ताची गाठ – ती आधी तपासू. मग मला विचारलं, "पायाला काही लावलं होतं?"

"छे!" मी म्हणाले. किती पटकन म्हणाले!

चौघांनी आप्पांना खुर्चीसकट उचलून गाडीत घातलं आणि शिरूरला सोनोग्राफीला नेलं. आप्पा नवरदेवासारखे ऐटीत बसले होते. गाठ निघाली नाही. कुठून निघणार? मला ठाऊक होतं ना – मग मी बोलले का नाही?

बिब्बा मीच घातला होता. आठवडाभर आप्पा मागे लागले होते, "आगं, एकच ठिपका. त्याबिगर ह्यो गुडघा गप बसायचा न्हाई." घरात कुणी नाही बघून मी बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं – आणि ठिपक्याऐवजी चांगला ओघळ पोटरीवर उतरला. आम्ही दोघं चोरासारखे हसलो. बिब्बा उतला की कातडी कशी भाजल्यासारखी होते, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं आहे.

दोन दिवसांत फोड आले. डॉक्टर पुन्हा आले, म्हणाले, काहीतरी नक्की लावलंय. तेव्हा राहू गावाहून माझ्या नणंदबाई आल्या होत्या. त्या दर रविवारी यायच्या, तेल कोमट करायच्या आणि तासभर वडिलांचे पाय चोळायच्या. त्याच बिचाऱ्या पुढे झाल्या. "म्या लावलं हुतं. त्याल." सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आप्पांनी तोंड उघडलं –

"आप्पा, तुम्ही दमलाय, बोलू नका," मी म्हणाले.

ते गप्प बसले. सांगू, हेच मला सगळ्यात जास्त लागतं. त्यांना माझ्याच हातचं खाऊन दिवस काढायचे होते. हे त्यांना कळत होतं, आणि मलाही.

पोटरी बरी झाली. घरात मालिशचं तेल बंद झालं. आप्पा पुढे वर्षभर मजेत होते, मॅचमधल्या पंचांना शिव्या घालत होते. ते गेले तेही झोपेत, शांतपणे. नणंदबाई रविवार चुकवायच्या नाहीत. पण आता खाटेपासून हातभर लांब बसायच्या, हात मांडीवर ठेवून. शेवटच्या महिन्यात एकदा मला हळूच विचारलं, "आप्पाच्या पायाला हात लावू का गं? नुसता?"

मी म्हणाले, "वन्सं, आधी साबणानं हात धुऊन या."

आणि त्या धुऊन आल्या.