मुशीतला भोवरा

वितळलेलं ॲल्युमिनियम लाल दिसत नाही. मुशीत ते चांदीसारखं शांत पडून असतं. दुपारी पत्र्याच्या छपराची भोकं त्यात चांदण्यांसारखी उतरतात. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा फाउंड्रीत मी तेच पाहत उभी होते.

अमरावतीला आमचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. तेल्हाऱ्याची माझी मैत्रीण आणि मी, प्रोजेक्ट दोघींचा होता. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची भुकटी मिसळून हलका पण कणखर धातू ओतायचा. कॉलेजची भट्टी बंद पडली, म्हणून माझ्या गावी आलो होतो. भुकटी एवढ्या एकाच वेळेपुरती उरली होती. हे बिघडलं तर परीक्षेत दाखवायला हातात काहीच नव्हतं.

मुशीत सोडलेल्या ढवळणीची मोटर सुरू झाली आणि तिच्याभोवती धातूत भोवरा पडला. मैत्रीण लांब दांड्याच्या चमच्याने तापवलेली भुकटी सोडू लागली. भोवरा ती सावकाश गिळत होता. मला बाकीचे आवाज येईनासे झाले. वाटलं, त्या चकचकीत उतारावरून मीही हळूहळू आत चालले आहे.

मोटर थांबली तेव्हा वर राखाडी साय होती. भुकटी पुरती भिनलीच नव्हती. पण भट्टीवरच्या काकांचा हात पळीकडे गेला. ओतण्याआधी वरची मळी काढायची, ही त्यांची रोजची सवय. पळीभर साय जमिनीवर पडलीसुद्धा.

मला हे सगळं इंग्रजीत माहीत होतं. तोंडात मराठी शब्द जुळेना. पळी पुन्हा मुशीत गेली.

“काका, नका काढू!”

काका दचकले. “काहून वं बाई? कचरा हाय तो.”

“कचरा नाही. त्याच्यासाठीच तर आलोय आम्ही.”

“मंग आधी सांगाचं ना! मले काय सपन पडते?”

मैत्रीण खदखदून हसली. “काका, चार वर्षांत पयल्यांदा इतक्या जोरात बोलली पोरगी. तुमचं नशीब समजा!”

पळीभर गेलं ते गेलंच. धातूने भुकटीला धरून ठेवावं म्हणून आम्ही मॅग्नेशियमचा, आधी टाकला होता तसाच, आणखी एक तुकडा आत बुडवला. पुन्हा भोवरा फिरला. या वेळी साय विरत विरत नाहीशी झाली, आणि काकांनी मूस साच्यात रिकामी केली.

साच्यातली कांडी निवल्यावर काका ती व्हाइसच्या पकडीत आवळून करवतीने कापायला लागले. साधं ॲल्युमिनियम करवतीखाली मऊ जातं. इथे पातं किरकिरलं, मग नुसतं घसरू लागलं.

“हे कायचं ॲल्युमिनियम? माह्या पात्याचे दात खाऊन घेतले यानं!”

म्हणजे भुकटी आत होती. निदान या टोकाला तरी.

“काका, दुसरं पातं द्या ना,” मी म्हटलं. “त्या टोकाला पण बघू.”

ते बडबडत उठले, नवं पातं लावलं. आम्ही दोघी कान लावून उभ्या राहिलो. थोडं आत गेल्यावर तेही किरकिरलं, आणि मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला.