पदराआडचे ठिपके

विश्रामबागेत माझ्या मुलीचं ॲनिमेशनचं काम चालतं. माणसाच्या चेहऱ्यावर ठिपके लावायचे, कॅमेऱ्याने त्यांची हालचाल टिपायची आणि ती पडद्यावरच्या चित्राला द्यायची. पहिले ठिपके माझ्याच चेहऱ्यावर लागले होते. चित्र काही हललं नाही. बायको म्हणाली, "लग्नापासून मी हेच सांगतेय."

मग माण तालुक्याकडची एक मेंढपाळ बाई आली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना भुवया उडवायची, हसताना नाक मुरडायची. राग, आनंद सगळं झकास टिपलं गेलं. पण चित्रातल्या नवरीला लाजायचं होतं, काम संध्याकाळी पाठवायचं होतं आणि बाईला लाज काही येईना.

"मावशी, मालकांचं नाव घ्या की," मुलगी म्हणाली.

"आगं बया! ह्येंच्यासमोर?" माझ्याकडे बघत बाईने झर्रकन पदर तोंडावर ओढला. लाज आली, पण सगळे ठिपके पदराआड गेले.

"मावशी, पदर काढा ना. लाज दिसत नाहीये."

आतून आवाज आला, "दिसली तर ती लाज कसली, पोरी?"

पदर घट्ट धरलेली बोटं तेवढी बाहेर होती. मुलीने ठिपक्यांची डबी उघडली आणि त्या बोटांवर एकेक ठिपका लावायला घेतला.